बकडन पाइकवरचा कोल्हा आणि सरावात गेलेले पाच जण

आजचा विषय दुसऱ्या महायुद्धातला आहे, पण यात कुठे बॉम्ब पडत नाही, शत्रूचं विमान दिसत नाही. एक जुनं झालेलं बॉम्बर विमान आहे, सहा पोलिश तरुण आहेत, उत्तर इंग्लंडमधला एक डोंगर आहे आणि बर्फाचं वादळ आहे. तारीख ३० जानेवारी १९४२. सहापैकी पाच जण त्या डोंगरावर गेले. सहावा वाचला आणि ३१ वर्षांनी, १९७३ मध्ये, त्याने त्याच डोंगरावर एक पांढरा क्रॉस उभारला. क्रॉसच्या पायाशी कोल्ह्याचं एक छोटं ब्राँझचं तोंड बसवलेलं आहे.

ही गोष्ट इंटरनेटवर बऱ्याचदा 'कोल्ह्याने जीव वाचवला' अशा मथळ्याने फिरते. ती तशी खोटी नाही. पण कोल्हा एवढा मोठा होतो की मागे राहिलेले पाच जण दिसेनासे होतात. म्हणून आज कोल्ह्याकडे जरा उशिरा जाऊ.

आधी जागा समजून घेऊ. यॉर्कशायर डेल्स म्हणजे लांबट दऱ्या आणि त्यांच्या मधली बोडकी पठारं. झाडं जवळपास नाहीत. कोकणातला सडा डोळ्यासमोर आणा, फक्त जांभ्याच्या जागी काळी, पाय रुतवणारी पीटची माती आहे आणि ऊन जवळजवळ नाही. शेतांच्या आणि कुरणांच्या हद्दी दगडी भिंतींनी आखलेल्या असतात. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. कोकणातल्या मंडळींना सांगायचं तर सरळ सरळ गडगा. हे गडगे डोंगराच्या धारेवरूनही मैलोन् मैल जातात. त्यातला एक डोंगर म्हणजे बकडन पाइक. उंची ७०२ मीटर. आपल्याला हा आकडा किरकोळ वाटतो, कारण लोणावळाच सव्वासहाशे मीटरच्या आसपास आहे. पण हा डोंगर ५४ अक्षांशावर आहे आणि जानेवारीत तिथे वारा आणि बर्फ एकत्र आले की हात लांब केला तर हात दिसत नाही.

विमान होतं व्हिकर्स वेलिंग्टन, नंबर एन २८४८. वेलिंग्टनचा सांगाडा बार्न्स वॉलिस या इंजिनिअरने डिझाइन केला होता. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या एकमेकींना तिरक्या छेदत जातात, बांबूच्या टोपलीची वीण असते तशा, आणि वरून कापड ताणलेलं. या विणीमुळे विमानाला मोठमोठी भगदाडं पडली तरी ते घरी यायचं. एक पट्टी तुटली तर तिचा भार शेजारच्या पट्ट्या उचलायच्या. मला हे डिझाइन फार आवडतं. मात्र गोळ्यांनी पडलेलं भोक आणि डोंगराची धडक यात फरक आहे.

हे विमान वॉरिकशायरमधल्या ब्रॅमकोट तळावरच्या १८ नंबरच्या ऑपरेशनल ट्रेनिंग युनिटचं होतं. हे नाव लक्षात ठेवा, कारण सगळी कथा त्या 'ट्रेनिंग' शब्दाभोवती आहे. वैमानिक, नॅव्हिगेटर, वायरलेस ऑपरेटर, गनर हे सगळे आपापलं काम वेगवेगळ्या शाळांत शिकून यायचे. मग अशा युनिटमध्ये त्यांचा एक क्रू बनायचा आणि तो क्रू लांबलांबच्या सराव फेऱ्या मारायचा. इथून निघा, त्या गावावरून वळा, तिकडून परत या. दिवसा, मग रात्री. या फेऱ्यांना द्यायची विमानं बहुतेक वेळा आघाडीवर वापरून थकलेली असायची. नवी विमानं लढाईला, जुनी शिकायला. हिशोब समजण्यासारखा आहे, पण त्याचा अर्थ असा की सगळ्यात कमी अनुभव असलेल्या माणसांच्या हातात सगळ्यात जास्त झिजलेली यंत्रं.

१८ नंबरचं युनिट पोलिश क्रूंसाठी होतं. पोलंड १९३९ च्या सप्टेंबरात पडलं. पोलिश हवाई दलातली हजारो माणसं रोमानिया आणि हंगेरीमार्गे निसटली, फ्रान्समध्ये पोहोचली, तिथे पुन्हा लढायला उभी राहिली. जून १९४० मध्ये फ्रान्सही पडलं. मग बोटींनी इंग्लंड. तिथे ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सबरोबर लढणारी त्यांची स्वतःची स्क्वाड्रन उभी राहिली. फायटर वैमानिकांची ३०३ स्क्वाड्रन सगळ्यांना माहीत असते, तिच्यावर सिनेमे आहेत. बॉम्बरवाल्या ३००, ३०१, ३०४, ३०५ या स्क्वाड्रनची नावं फारशी कुणी घेत नाही. ब्रॅमकोटमधून बाहेर पडणारे क्रू या चार स्क्वाड्रनमध्ये जायचे.

तर त्या दिवशी एन २८४८ मध्ये सहा जण होते. वैमानिक चेस्वाव कुयावा. बरोबर येझी पोल्चिक, तादेउश बिएगान्स्की, यान तोकाझेव्स्की, यान सादोव्स्की. आणि शेपटीच्या टोकाला, मागच्या टरेटमध्ये, युझेफ फुसनियाक, ज्याला पुढे इंग्लंडमध्ये सगळे 'जो' म्हणायला लागले. माझे पोलिश उच्चार कुणाला खटकले तर कळवा, मी ऐकून ऐकून लिहून घेतले आहेत. पण नावं घ्यायचीच, असं ठरवलं होतं.

आता प्रश्न असा की चांगलं शिकलेल्या लोकांचं विमान डोंगरावर जातं कसं? एकट्या यॉर्कशायर डेल्स आणि पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांवर अशा विमानांचे अवशेष जागोजागी सापडतात. इतके, की हा योगायोग असू शकत नाही.

आपल्याला आज 'मी कुठे आहे' हा प्रश्न पडतच नाही, निळा ठिपका दाखवतो. फोन बोगद्यात गेला की तो ठिपका थोडा वेळ अंदाजाने पुढे सरकत राहतो, लक्षात आलंय का कधी? शेवटचं ठिकाण माहीत आहे, वेग माहीत आहे, दिशा माहीत आहे, म्हणजे आता साधारण इथे असणार. माझं काम सॉफ्टवेअरचं आहे, त्यामुळे असल्या गोष्टींत मी जरा जास्त रमतो. पण १९४२ मध्ये ढगांवरून जाणारा नॅव्हिगेटर अख्खा प्रवास असाच, बोगद्यातल्या ठिपक्यासारखा करत होता. याला डेड रेकनिंग म्हणतात. हातात घड्याळ, होकायंत्र, वेगाचा काटा, नकाशा आणि पेन्सिल. यात घोळ घालतो तो वारा. विमान हवेत तरंगतं, आणि हवाच सरकत असेल तर विमानही तिच्याबरोबर सरकतं. वाऱ्याचा अंदाज ताशी दहा मैलांनी चुकला तर तासाभरात तुम्ही दहा मैल भलतीकडे. खाली जमीन दिसली तर नदी, रेल्वे, गाव बघून दुरुस्ती करता येते. ढग असले तर चूक साठत जाते. व्याज चढतं तशी.

हे फक्त शिकाऊंचं दुखणं नव्हतं. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटिश सरकारकडे एक अहवाल गेला, बट रिपोर्ट. बॉम्ब टाकताना विमानातून काढलेले फोटो तपासून तो तयार केला होता. निष्कर्ष असा की लक्ष्यावर हल्ला केला असं सांगणाऱ्या क्रूंपैकी साधारण तिघांतला एकच प्रत्यक्षात लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचला होता. म्हणजे लढाईवरचे क्रूही चाचपडत होते. जमिनीवरून येणाऱ्या रेडिओ सिग्नलवरून जागा सांगणारी 'जी' नावाची यंत्रणा बॉम्बर विमानांनी मोठ्या प्रमाणावर वापरायला सुरुवात केली ती मार्च १९४२ मध्ये. आपल्या अपघातानंतर पाच-सहा आठवड्यांनी.

दुसरा घात उंचीचा. विमानातला अल्टिमीटर जमीन किती खाली आहे हे मोजत नाही, तो हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची सांगतो. तुम्ही निघालात तिथला दाब त्याला सांगितलेला असतो. पुढे वादळी, कमी दाबाच्या पट्ट्यात शिरलात की काटा खोटं बोलायला लागतो. एका मिलिबारला साधारण तीस फूट. दाब दहा मिलिबारने कमी असेल तर काटा तुम्हाला तीनशे फूट वर असल्याचं सांगतो आणि तुम्ही तेवढे खाली असता. त्यातून रस्ता चुकलेला वैमानिक स्वाभाविकपणे काय करतो? ढगाखाली उतरून जमीन बघायचा प्रयत्न करतो. खाली सपाट प्रदेश असेल तर सुटका होते. खाली पेनाइन्सचे डोंगर असतील, आणि ढग डोंगरमाथ्यांवर टेकलेला असेल, तर जमीन दिसते तेव्हा ती समोर असते.

एन २८४८ बर्फाच्या वादळात बकडन पाइकच्या धारेवर आदळलं. चौघे जागीच गेले. फुसनियाक वाचला, त्याचा घोटा मोडला होता. मागचं टरेट ही बॉम्बरमधली सगळ्यात एकाकी जागा. थंडी सर्वांत जास्त, बाकीच्यांपासून सगळ्यात लांब, आणि शत्रूचं फायटर मागून आलं तर पहिली गोळी तिथेच. पण समोरून धडक होते तेव्हा तीच जागा धडकेपासून सगळ्यात दूर असते.

आणखी एक जण जिवंत होता, यान सादोव्स्की. गंभीर जखमी. फुसनियाकने त्याला पॅराशूटच्या कापडात गुंडाळलं. इथे थांबून जरा विचार करा. घोटा मोडलेला आहे, चालता येत नाही. वादळ चालू आहे. विमानाचा सांगाडा हा निदान आडोसा तरी आहे. आपण कुठल्या डोंगरावर आहोत, कुठल्या परगण्यात आहोत, हे माहीत नाही. शहाणा माणूस जागेवर थांबला असता. तो निघाला. सादोव्स्कीला मदत हवी होती म्हणून निघाला.

रांगत, सरपटत, बसून घसरत. बर्फात दिशा कळत नव्हती, आणि चुकीच्या दिशेने गेला असता तर मैलोन् मैल पठारच होतं. तेव्हा त्याला बर्फात पावलं दिसली. ती कोल्ह्याची आहेत हे त्याने ओळखलं. आता त्याचा तर्क बघा: अशा दिवसात कोल्हा भुकेला असणार, डोंगरावर त्याला खायला काही नाही, म्हणजे तो शेतावर, कोंबड्यांच्या वासावर जात असणार. जिथे कोंबड्या तिथे माणूस. तो त्या मागावर निघाला.

याला लोक चमत्कार म्हणतात. मला तो चमत्कार वाटत नाही. अपघाताच्या धक्क्यात, मोडक्या घोट्याने, गोठलेल्या डोक्याने एवढा स्वच्छ विचार करणं, हे कौतुक त्याच्या खात्यावर जमा करायला हवं. कोल्हा आपल्या कामाने चालला होता.

तो माग त्याला खाली क्रे नावाच्या वस्तीकडे घेऊन गेला. वस्ती म्हणजे काय, मोजकी घरं आणि व्हाइट लायन नावाची खानावळ-कम-पब. सरळ रेषेत अंतर जेमतेम दोन-अडीच किलोमीटर असेल. उतार मात्र साडेतीनशे मीटरच्या आसपास. तिथल्या लोकांनी त्याला आत घेतलं. वर माणसं आहेत, हे त्याने सांगितलं. पण वादळात वर पोहोचणं जमलं नाही, आणि बचाव करणारे विमानापर्यंत गेले तेव्हा सादोव्स्कीही गेला होता.

फुसनियाकला पुढे ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालं, सोबत्यांना वाचवण्याच्या प्रयत्नाबद्दल. प्रयत्नाबद्दल. हा शब्द त्याला आयुष्यभर कसा ऐकू आला असेल, मला माहीत नाही.

आता त्या पाच जणांकडे येऊ. युद्धात ब्रिटिश बॉम्बर कमांडचे ५५,५७३ जण मेले. हा आकडा लंडनच्या ग्रीन पार्कमधल्या मोठ्या स्मारकाच्या निमित्ताने सगळीकडे छापून येतो. त्यातले आठ हजारांहून जास्त लोक लढाईत नाही, अपघातांत आणि प्रशिक्षणात गेले. ढोबळमानाने सातातला एक. बाहेर जाऊन लढण्याआधी, घरच्याच डोंगरांवर, घरच्याच धुक्यात. 'घरच्याच' म्हणतोय खरा, पण या पाच जणांचं ते घरही नव्हतं. पोलंडहून निघून तीन देश पार करून जे जर्मनीवर बॉम्ब टाकायला आले होते, ते जर्मनीपर्यंत पोहोचलेच नाहीत. त्यांच्या घरी ही बातमी पाठवायची तर घर नाझींच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये.

अशा मृत्यूंचं काय करायचं, हे कुठल्याच देशाला नीट जमत नाही. मोहिमेवर गेलेल्याला कथा मिळते. कुठे निघाला होता, कशावर हल्ला केला, कसा पडला. सरावात गेलेल्याला एक ओळ मिळते: उड्डाण अपघात. मला वाटतं की म्हणूनच इंग्लंडच्या डोंगरांवरची बरीच स्मारकं सरकारने नाही, माणसांनी उभारलेली आहेत. कुणी नातेवाइकांनी, कुणी गावकऱ्यांनी, कुणी विमानवेड्या लोकांनी. बकडन पाइकचं स्मारक त्याहून वेगळं आहे, कारण ते अपघातातून वाचलेल्या माणसाने स्वतः उभारलं.

युद्ध संपल्यावर फुसनियाक इंग्लंडमध्येच राहिला. हजारो पोलिश सैनिकांचं असंच झालं. पोलंड सोव्हिएत वर्चस्वाखाली गेलं होतं, परत जावं तर तुरुंगाची भीती. जून १९४६ मध्ये लंडनमध्ये विजय संचलन निघालं तेव्हा ब्रिटनच्या बाजूने लढलेलं पोलिश सैन्य त्यात चाललं नाही. पुढच्या वर्षी ब्रिटिश संसदेने पोलिश पुनर्वसनाचा कायदा केला आणि हे लोक हळूहळू खाणीत, गिरणीत, कारखान्यात सामावले गेले. पोलिश हवाई दलाचं स्मारक गावागावात उभं करायला त्यांच्यामागे देश नव्हता. अशा परिस्थितीत एक माणूस १९७३ मध्ये एका डोंगरावर क्रॉस बांधतो, तेव्हा ते कुणाचं स्मारक असतं?

तिथली पाटी याचं उत्तर जवळजवळ देते. ती आधी देवाचे आणि क्रेच्या त्या कुटुंबाचे, तिथल्या लोकांचे आभार मानते. मग पाच पोलिश हवाई सैनिकांची आठवण करते आणि ते नूअर्कला पुरले आहेत असं सांगते. खाली सहीच्या जागी स्वतःचं नाव नाही. फक्त 'वाचलेला' एवढंच. पायथ्याच्या काँक्रीटमध्ये विमानाचे तुकडे बसवले आहेत, आणि त्यांच्यात तो कोल्हा. म्हणजे कोल्ह्याला तिथे आणून बसवलं ते फुसनियाकनेच, नंतरच्या पत्रकारांनी नाही. ज्यांना वाचवता आलं नाही ते आणि ज्यांनी वाचवलं ते, सगळे त्याने एकाच चौथऱ्यावर आणले.

पाटीवरचं नूअर्क म्हणजे मध्य इंग्लंडमधलं नूअर्क-ऑन-ट्रेंट. आजूबाजूच्या तळांवरून उडणाऱ्या पोलिश हवाई सैनिकांना तिथल्या दफनभूमीत जागा दिली होती. आज तिथे जवळपास चारशे पोलिश कबरी आहेत. आणि इथे गोष्ट अचानक आपल्याकडे वळते. त्याच दफनभूमीत व्वादिस्वाव सिकोर्स्की यांची कबर होती, परागंदा पोलिश सरकारचे पंतप्रधान आणि सरसेनापती. ४ जुलै १९४३ ला जिब्राल्टरहून निघालेलं त्यांचं लिबरेटर विमान उड्डाणानंतर लगेच समुद्रात पडलं. लिबरेटर हेही मुळात बॉम्बरच. सिकोर्स्की पन्नास वर्षं नूअर्कमध्ये, आपल्या हवाई सैनिकांच्या शेजारी होते. १९९३ मध्ये, पोलंड मोकळं झाल्यावर, त्यांना क्राकोवच्या वावेल कॅथेड्रलमध्ये नेलं. हवाई सैनिक मात्र तिथेच राहिले.

याच सिकोर्स्कींनी जुलै १९४१ मध्ये सोव्हिएत युनियनशी करार केला होता. त्या करारामुळे सैबेरियात आणि कझाकस्तानात हद्दपार केलेल्या पोलिश लोकांना बाहेर पडता आलं. पुरुष सैन्यात गेले, काही जण तिथून इंग्लंडमधल्या पोलिश हवाई दलातही पोहोचले. बायका-मुलं इराणमार्गे जगभर विखुरली. त्यातली पाच हजारांच्या आसपास माणसं १९४३ पासून १९४८ पर्यंत राहिली ती कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला. छावणीत शाळा होत्या, चर्च होतं, बाजार होता. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे, आणि उलट वॉर्सॉमध्ये कोल्हापूरचं स्मारक आहे. वळिवड्याच्या बराकीत बसून आफ्रिकेतून, इटलीतून, इंग्लंडमधून येणाऱ्या पत्रांची वाट बघणाऱ्या बायका होत्या. 'उड्डाण अपघात' ही ओळ कुठे कुठे वाचली गेली असेल, याचा विचार करताना मला लंडनपेक्षा हातकणंगले तालुक्याच्या शेजारचा तो पट्टा आधी आठवतो.

श्रोत्यांपैकी बरेच जण तिकडे लीड्स, मँचेस्टर भागात नोकरीला आहेत, म्हणून जायचं कसं तेही सांगतो. बकडन गावातून किंवा क्रेहून वर जाता येतं. स्मारक शिखरावर नाही, शिखराच्या दक्षिणेला धारेवरच्या गडग्याला लागून आहे. त्यामुळे फक्त शिखर गाठून परत फिरलात तर चुकेल. पाऊस झाला असेल तर पीट घोट्यापर्यंत रुतते, चांगले बूट घाला. आणि धातूचा एखादा तुकडा मातीत दिसला तर उचलून आणू नका. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याने लष्करी विमान पडलेल्या जागांना संरक्षण आहे, परवानगीशिवाय तिथे हात लावता येत नाही.

पुढचा भाग वळिवड्याच्या छावणीवर करायचा विचार आहे. कोल्हापूरकरांनो, आजी-आजोबांकडून काही ऐकलं असेल तर लिहून पाठवा.